टीवायच्या कॅलरीमेट्रीत लेझर : कोणी वर्गात करून पाहिलंय का?

तिसरा बीकर
रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडले म्हणून लिहितेय.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बीएस्सीला केमिस्ट्री शिकवते. यंदाचं एकोणिसावं वर्ष. टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) फिजिकल केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आम्ही कॅलरीमेट्री, म्हणजे उष्णतेचं मोजमाप, करतो; उदासिनीकरणाची उष्णता काढतो. थर्मास, ५० मिली एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, तेवढाच एक मोलर कॉस्टिक सोडा, दशांश अंशाचा थर्मामीटर. पारा ६.८ अंश चढतो आणि उत्तर येतं उणे ५७ किलोज्यूल प्रति मोल. न येऊन सांगतंय कोणाला? उत्तर पोरांना आधीच पाठ असतं. मागच्या वर्षी एका बॅचच्या बावीस जर्नलांपैकी एकोणिसांत ६.८ होतं. त्यातल्या एका गटाने जो थर्मास वापरला त्याची आतली काच फुटलेली होती. मीच तो बाजूला काढून कपाटात ठेवला होता, यांनी नेमका तोच उचलला. त्यातसुद्धा ६.८!

मी रागावले नाही. खरं तर मला स्वतःचीच लाज वाटली. आपण यांना उत्तरावरून रीडिंग काढायला शिकवतोय.

दिवाळीच्या सुट्टीत एका कार्यशाळेला गेले होते. तिथे एका सरांनी भिंतीवर हिरव्या लेझरचा ठिपका पाडला, वाटेत रंगीत अल्कोहोलची क्युव्हेट (पारदर्शक चौकोनी नळी) सरकवली, आणि ठिपका सेकंदाच्या आत फुगून त्याला कंकणं पडली. "द्रवात साठलेली उष्णता तुम्ही बघताय," एवढंच म्हणाले आणि चहाची वेळ झाली. चहानंतर विषय बदलला. माझ्या डोक्यातून मात्र तो ठिपका जाईना.

तर विचारायचं हे की असलं काही कमीत कमी सामानात टीवायला करता येईल का? नुसती गंमत नको, केमिस्ट्रीचा काही आकडा निघाला पाहिजे. आणि पोरांच्या डोळ्यांचं काय? आमच्या एचओडींना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, लेझर हे फिजिक्सवाल्यांचं काम. आपण आपलं टायट्रेशन करावं." खरेदीला तीन कोटेशन लागतात हे वेगळं सांगायला नको, तेव्हा महागडं काही सुचवू नका.


खोडरबर
रविवार, रात्री ११:०५

वाखूसा (वाचनखूण साठवली).

विसर्जन मिरवणुकीतला लेझर आणू नका म्हणजे झालं. डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या वाचून आमच्या मंडळाने तो बंद केला. (रसायनशास्त्रातलं मला शष्प कळत नाही, पण फुटक्या थर्मासातलं ६.८ वाचून खुर्चीवरून पडलो.)


निवृत्त फोटॉन
सोमवार, सकाळी ६:२०

ताई, तुम्ही पाहिलंत त्याला थर्मल लेन्स म्हणतात. माझी पीएचडीची अडीच वर्षं त्या फुगणाऱ्या ठिपक्यासमोर गेली, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

लेझरचा झोत मध्यभागी सर्वांत प्रखर, कडेला मंद. द्रवाने तो शोषला की मधला द्रव जास्त तापतो. तापलेल्या द्रवाचा अपवर्तनांक कमी होतो. म्हणजे द्रवातच एक अंतर्गोल भिंग तयार होतं, आणि झोत स्वतःच निर्माण केलेल्या भिंगातून पसरतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये. हीलियम-निऑन लेझरच्या पोकळीत द्रव ठेवल्यावर झोत सेकंदभर रेंगाळत बदलतो, हे गॉर्डन, लेइटे, मूर, पोर्टो आणि व्हिनरी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलं. मुळात ते शोधत होते भलतंच.

आता आकडे. अल्कोहोलचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण ०.०००४ ने घटतो, पाण्याचा ०.०००१ ने. शिवाय पाणी उष्णता पटकन वाहून नेतं, त्याची उष्णतावाहकता ०.६, इथेनॉलची ०.१७. दोन्ही मिळून इथेनॉलमध्ये भिंग पाण्यापेक्षा सुमारे चौदापट बळकट होतं. द्रावक इथेनॉलच घ्या. हे वाक्य दोनदा वाचा.

किती लेझर लागतो? एक मिलिवॅट पुरतो. खोटं वाटेल, म्हणून हिशेब देतो. ५३२ नॅनोमीटरला अ‍ॅबसॉर्बन्स ०.०५ असलेलं द्रावण एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये एक मिलिवॅटपैकी जेमतेम ०.११ मिलिवॅट शोषतं. मधल्या द्रवाचं तापमान चढतं अंशाच्या दोन-तीन शतांशांनी. तुमच्या दशांश अंशाच्या थर्मामीटरला त्याची गंधवार्ताही लागणार नाही, पण दीड-दोन मीटरवरच्या भिंतीवर ठिपक्याच्या मध्यातला उजेड चांगला तीस-चाळीस टक्क्यांनी उतरतो. एवढीशी ऊब डोळ्यांना दिसावी, यातच त्या प्रयोगाची सगळी खुमारी आहे.

मांडणी अशी. लेझर, त्यापुढे २० सेंटिमीटर फोकसचं भिंग. फोकसच्या पुढे चार-पाच सेंटिमीटरवर क्युव्हेट. फोकसमध्येच ठेवलीत तर काही दिसणार नाही, पोरं हीच चूक करतात, मीही केली होती. दीड-दोन मीटरवर काळा कार्डबोर्ड, त्याला सुईने भोक, भोकामागे उजेड मोजायला फोटोडायोड आणि साधा मल्टिमीटर. वाढ कशी होते ते पाहायचं तर मोबाइलचं स्लो-मोशन चित्रण. २४० फ्रेमवर एक फ्रेम ४ मिलिसेकंदांची, आणि भिंग तयार व्हायला या मांडणीत ५० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे बारा-तेरा फ्रेम मिळतात, आलेख काढायला भरपूर.

लेझर चालू-बंद करू नका. हिरव्या पॉइंटरला स्थिरावायला वेळ लागतो. तो चालूच ठेवा आणि वाटेत पुठ्ठा धरून झोत अडवा. बॅटरी उतरली की ताकदही उतरते, म्हणून तीन व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावा.

आणि आता केमिस्ट्री. दोन रंगद्रव्यं घ्या, दोन्ही ५३२ला सारखीच शोषणारी. एक क्रिस्टल व्हायोलेट, तुमच्या मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडे ग्रॅम स्टेनिंगसाठी नक्की असेल. इथेनॉलमध्ये ते जवळपास चमकत नाही, शोषलेलं सगळं उष्णतेत जातं. दुसरं ऱ्होडामाइन ६जी. याचा क्वांटम यील्ड इथेनॉलमध्ये ०.९५च्या आसपास. घेतलेल्या शंभर फोटॉनांपैकी पंच्याण्णव परत बाहेर. मात्र बाहेर पडणारे थोडे लांब तरंगलांबीचे, सरासरी ५६० धरा. म्हणून

उष्णतेचा वाटा = १ − (क्वांटम यील्ड × ५३२ ÷ ५६०)

म्हणजे ०.१०. दोन बाटल्या, रंगाची खोली सारखी, प्रकाश सारखाच गिळतात, आणि एकीत भिंग दहापट अशक्त! पोरांना उलट दिशेने जायला लावा. भिंगांचं गुणोत्तर मोजा, त्यावरून क्वांटम यील्ड काढा. लेझरची ताकद, भोकाचा आकार, अंतरं, द्रावक, सगळं गुणोत्तरात उडून जातं. ब्रॅनन आणि मॅग्ड यांनी १९७८ साली फ्लुरेसीनचा क्वांटम यील्ड याच युक्तीने मोजला. चमक मोजून क्वांटम यील्ड काढायचा तर दुसऱ्या चमकणाऱ्या पदार्थाचा भरवसा धरावा लागतो. इथे न निघालेल्या उष्णतेवरून निघालेला प्रकाश कळतो.

६जी नाही मिळालं तर ऱ्होडामाइन बी. म्हातारीच्या केसांत सापडतं म्हणून २०२४ साली तमिळनाडू आणि कर्नाटकाने ज्यावर बडगा उगारला तेच. इथेनॉलमध्ये त्याच्या क्वांटम यील्डचे प्रसिद्ध आकडे ०.५ पासून ०.७ पर्यंत पसरलेले आहेत. तुमच्या कामाला हेच बरं. नक्कल कुठून करणार?

द्रावणं अगदी पातळ करा. ६जीचे ४.८ मिलिग्रॅम १०० मिलीत म्हणजे १०⁻⁴ मोलर, त्याचं शंभरपट पातळ केलं की ५३०च्या आसपास अ‍ॅबसॉर्बन्स ०.११ येतो. आणखी निम्मं करा.


फिजिक्सवाली
सोमवार, दुपारी १:१५

"फिजिक्सवाल्यांचं काम" हे वाचून आले. एचओडी सरांना सांगा, लॅव्हॉझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात बर्फाचा कॅलरीमीटर वापरला तेव्हा एक रसायनवाला होता नि दुसरा गणिती, आणि आत बसला होता गिनिपिग. कोणी कोणाचं खातं विचारलं नाही.

पण डोळ्यांच्या बाबतीत माझं ऐका. फोटॉनकाकांनी एक मिलिवॅट म्हटलंय ते बरोबर आहे, तोच धरा. वर्ग दोनचा लेझर म्हणजे एक मिलिवॅटपर्यंत. चुकून डोळ्यात गेला तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि निभावतं. अडचण अशी की स्वस्त हिरव्या पॉइंटरवर लिहिलेलं आणि आत असलेलं यात फरक असतो. हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा डायोड एका स्फटिकाला पेटवतो, त्यातून १०६४ निघतो, दुसरा स्फटिक तो दुप्पट वारंवारतेचा करून ५३२ देतो. मधे अवरक्त अडवणारी गाळणी हवी. पैसे वाचवायला ती काढून टाकतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप-मानकांच्या संस्थेने २०१० साली तीन पॉइंटर विकत आणून तपासले. त्यातला एक, १० मिलिवॅटचा म्हणून विकलेला, हिरवा दिसायला मंद होता आणि जवळजवळ २० मिलिवॅट अवरक्त ओकत होता. अवरक्ताला पापणी मिटत नाही, कारण ते दिसतच नाही.

घरगुती तपासणी करता येते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर दाबा. दिवा जांभळट लुकलुकला तर तो कॅमेरा अवरक्त पाहू शकतो. मग पॉइंटरचा झोत जुन्या सीडीवर पाडून परावर्तित ठिपके पांढऱ्या कागदावर घ्या आणि त्याच कॅमेऱ्याने बघा. डोळ्यांना न दिसणारे जास्तीचे ठिपके कॅमेऱ्यात दिसले तर तो पॉइंटर कचऱ्यात. नाहीतर सरळ फिजिक्स विभागाकडून पॉवर मीटर मागा. आम्ही चावत नाही.

बाकी माझ्या लॅबचे नियम : झोत कमरेच्या उंचीवर, आणि तो चालू असताना कोणी खाली बसायचं नाही. पेन पडलं तर पडू दे. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून डब्यात. (बांगड्यांवरून एकदा पालक भांडायला आले होते. मी त्यांना भिंतीवर नाचणारे ठिपके दाखवले. मग म्हणाले, काढा.) झोताच्या शेवटी काळा कार्डबोर्ड हवाच, चकचकीत स्टीलचं टेबल असेल तर वर काळं कापड. इथेनॉलच्या क्युव्हेटला झाकण. मिलिवॅटने ते पेटणार नाही, पण शेजारच्या टेबलावर कोणीतरी बर्नर लावतोच.


वऱ्हाडी टायट्रेशन
सोमवार, रात्री ९:३०

मॅडम, राग मानू नका, पण मी थोडं उलटं बोलतो.

माझ्याकडे टीवायला ८८ पोरं आहेत. लेझर एक, क्युव्हेट एक. चार जण करतील, बाकीचे मोबाइलवर चित्रण करतील. मग ती जादू झाली, प्रयोग नाही. थर्मास फुटका असू दे, पण प्रत्येक पोराच्या हातात येतो.

दुसरं, तुमची तक्रार थर्मासाबद्दल नाहीच आहे. पोरांना उत्तर पाठ आहे, कारण तुम्ही त्यांना एक मोलर आम्ल लेबल लावून देता. मी लेबल काढून टाकलं. अ, ब, क अशा बाटल्या देतो, प्रत्येकीची तीव्रता निराळी, एका बाटलीत चक्क अ‍ॅसेटिक आम्ल. तापमानावरून तीव्रता काढा म्हणतो. अ‍ॅसेटिकवाला गट हमखास येऊन विचारतो की सर आमचं कमी का येतं. तिथून खरी शिकवणी सुरू होते. खर्च शून्य रुपये.

तिसरं, फोटॉनकाकांना. तुमच्या त्या भिंगात ज्यूल कुठे आहे? गुणोत्तर आहे. कॅलरीमेट्री म्हणायचं तर ज्यूल दाखवा.


निवृत्त फोटॉन
मंगळवार, सकाळी ६:०५

वऱ्हाडी, पहिले दोन मुद्दे मान्य. दुसरा तर मी माझ्या काळात करायला हवा होता. तिसऱ्याला उत्तर आहे, आणि ते तुमच्या ८८ पोरांनाही पुरेल.

एक रुपयाच्या नाण्याएवढी तांब्याची पातळ चकती घ्या, पुढून मेणबत्तीची काजळी धरा. मागे एक थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा तुकडा) आणि १०० ओहमचा छोटा रोध चिकटवा. थर्मोकोलच्या कपात बसवा, झाकणाला भोक. आता लेझर काजळीवर सोडा. पाच मिलिवॅटचा असेल तर चकती एक-दोन अंश तापून स्थिर होते. थर्मिस्टरचं रीडिंग लिहा. लेझर झाका, चकती गार होऊ द्या, आणि रोधातून वीज सोडून नेमकं तेच रीडिंग आणा. ७ मिलिअँपिअर लागले तर ताकद ४.९ मिलिवॅट. प्रकाशाची ताकद विजेने तोलली. विशिष्ट उष्मा नको, थर्मासचा वॉटर इक्विव्हॅलंट नको, काहीच नको. हे घ्या तुमचे ज्यूल.

असे दहा कप एका दुपारी होतात. लेझर एकच, पण पोरं आपापला कप घेऊन रांगेने येतील. फिजिक्सवालीबाई ओरडायच्या आत सांगतो : यासाठी पाच मिलिवॅटचा लेझर एका जागी पक्का बांधून ठेवा, हातात कोणाच्याच द्यायचा नाही, आणि काजळीवर पडलेला झोत कपाच्या आतच मरतो.

वर एक गणित घाला. ५३२ नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनांची ऊर्जा २२५ किलोज्यूल. ४.९ मिलिवॅटच्या लेझरमधून मोलभर फोटॉन बाहेर पडायला किती काळ? सतरा महिने. उदासिनीकरणाचा मोल ते बाटलीतून ओततात, हा मोल त्यांच्या पदवीच्या अर्ध्या मुदतीएवढा. मोल म्हणजे काय हे माझ्या विद्यार्थ्यांना या गणिताने जितकं कळलं तितकं व्याख्येने कधी कळलं नाही.


फिजिक्सवाली
मंगळवार, सकाळी ८:४०

ओरडत नाही. पण पाच मिलिवॅटवाल्या टेबलाभोवती तीन बाजूंनी काळा पुठ्ठा उभा करा. :)


तिसरा बीकर
दीड महिन्याने, शनिवार, दुपारी ४:१०

मंडळी, धागा वर काढतेय. केलं! म्हणजे आधी तीनदा बिघडवलं, मग केलं.

ऱ्होडामाइन ६जी मिळालं नाही, बी मिळालं. क्रिस्टल व्हायोलेट मायक्रोच्या मॅडमनी चमचाभर दिलं आणि बदल्यात आमचा ऑटोपिपेट आठवडाभर नेला. लेझर फिजिक्सकडून उसना, त्यांच्याच पॉवर मीटरवर ०.९ मिलिवॅट भरला. म्हणजे तीन कोटेशनची वेळच आली नाही. एचओडी सरांना लॅव्हॉझिएचा गिनिपिग सांगितला. ते हसले नाहीत, पण "बघा" म्हणाले.

पहिला दिवस. ठिपका ढिम्म हलेना. भिंग पुढे, क्युव्हेट मागे, सगळं करून झालं. दोन तास गेले. शेवटी आमचे परिचर मामा, तीस वर्षं लॅबमध्ये, बाटलीचा वास घेऊन म्हणाले, "मॅडम, यात स्पिरिट नाहीये." पोरांनी रंग पाण्यात विरघळवला होता. इथेनॉल मोजून मिळतं म्हणून त्यांनी काटकसर केली! फोटॉनकाका, तुम्ही दोनदा वाचा म्हणाला होतात. मी वाचलं, पोरांना सांगायची राहिले.

दुसऱ्या दिवशी इथेनॉल, पण एका गटाने दहापट गाढ द्रावणच घातलं. तेही पाच मिलिवॅटच्या टेबलावर, जिथे फक्त कप न्यायचा होता. (पुठ्ठे उभे होते, घड्याळं डब्यात होती, तरी मी ओरडले.) ओरडता ओरडता भिंतीकडे लक्ष गेलं आणि गप्प झाले. कंकणंच कंकणं. पण गोल नाहीत, वरचा भाग कापल्यासारखा चपटा. एका मुलीने विचारलं, "मॅडम, वरचं कुठे गेलं?" मी लगेच सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे मलाही क्षणभर सुचलं नाही. तीच मग म्हणाली, गरम द्रव वर चढत असेल, म्हणून वरच्या बाजूला फरक पुसट होत असेल. घरी चुलीवर पाणी तापवताना बघते म्हणाली. एकोणीस वर्षांत अभिसरण मी फळ्यावर बाणांनी काढत आलेय.

तिसऱ्या दिवशी आकडे आले, आणि भयंकर आले. ऱ्होडामाइन बीच्या उष्णतेचा वाटा एका गटाला ०.२, एकाला ०.६, एकाला १.१. शोषली त्याहून जास्त उष्णता! त्या गटातला मुलगा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे उधारीवर आली असेल." चूक सापडायला चार दिवस लागले. दोन्ही द्रावणं "सारखी शोषणारी" आहेत हे आम्ही आमच्या कलरीमीटरवर (रंगाची खोली मोजायच्या यंत्रावर) ठरवलं होतं. त्याची हिरवी गाळणी चांगली रुंद, आणि ५३२ला दोन्ही रंगद्रव्यांचा आलेख उतारावर. गाळणीला सारखी वाटलेली द्रावणं लेझरला सारखी नव्हतीच. उपाय मुलांनीच काढला. सुईचं भोक बाजूला करून अख्खा झोत फोटोडायोडवर घ्यायचा, आधी कोरं इथेनॉल, मग रंगीत, आणि लेझरनेच शोषण मोजायचं. पातळ द्रावणात फरक नीट कळत नाही म्हणून दहापट गाढ द्रावणाचं मोजून मग दहापट पातळ केलं.

त्यानंतर पाच गटांचे आकडे : ०.३७, ०.४४, ०.४१, ०.५२, ०.३९. ०.५२वाल्यांनी क्युव्हेट बोटांनी धरली होती, ठसे स्पष्ट दिसत होते. ते खोडून ०.४ लिहितील म्हणून मी वाट पाहत होते. नाही खोडलं. ०.४ लिहावं असं त्यांना सांगणारं जर्नलच कपाटात नव्हतं.

वऱ्हाडी सर, तुमची अ-ब-क बाटल्यांची युक्ती एफवायला लावली. थर्मास काढला नाही, फुटका मात्र भंगारात दिला. आणि काजळीचे कप दहा नाही, सहा झाले. चारांची काजळी पोरांनी बोट लावून "खरंच काळी आहे का" पाहिल्यामुळे पुसली गेली.

आता नवीन उपद्व्याप. तीच अभिसरणवाली मुलगी हळदीचा अर्क स्पिरिटमध्ये काढून घेऊन आलीय. तिला हळदीची उष्णता मोजायचीय. हळदीला ५३२ चालणार नाही, निळ्या-जांभळ्याच्या बाजूचा लागेल. कोणाकडे ४०५ नॅनोमीटरचा, एक मिलिवॅटच्या आतला, पॉवर मीटरवर तपासलेला पॉइंटर पडून असेल तर व्यक्तिगत निरोप करा. टपालखर्च माझा. फिजिक्सवाली ताई, त्याला चष्मा कुठला लागेल तेही सांगा, ती सोमवारी परत विचारणार आहे.